ज्योत आळसावते तेव्हा

पेलेट स्टोव्ह, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या छोट्या कांड्या जाळून खोली गरम करणारी शेगडी, बिघडत चालल्याची पहिली खबर तिच्या दाराची काच देते. दोन-तीन दिवसांनी एकदा पुसली तरी भागायचं, ती काच आता संध्याकाळ व्हायच्या आत काळवंडते. आधी खालच्या कोपऱ्यांत तपकिरी सावट येतं, मग ते वर सरकतं आणि शेवटी काजळीचा मखमली थर बसतो, बोट फिरवलं की बोटाला लागणारा. काचेआड आग असते, पण तिच्यात जोर नसतो. ज्योत उंच आणि ढिली होते, गडद नारिंगी दिसते, तिच्या शेंड्याला काळपट शेपूट फुटतं. ती इकडून तिकडे अशी झुलते, जणू तिला कुठे जायचंच नाही. खोलीत ऊब कमी आणि हॉपरमधले, म्हणजे इंधनाच्या टाकीतले, पेलेट मात्र नेहमीपेक्षा लवकर संपतात.

निरोगी ज्योत एकदा नीट पाहून ठेवावी, म्हणजे आजारी ज्योत ओळखायला मीटर लागत नाही. ती पिवळीधमक, आखूड आणि चपळ असते. तळापासून जोराने वर येते, शेंडे स्वच्छ असतात, धूर दिसत नाही. बर्न पॉटमधले, म्हणजे आग जळते त्या भोकांच्या भांड्यातले, पेलेट हवेच्या झोताने किंचित थरथरतात. मागे उरते ती फिकट करडी, पिठासारखी राख. राख काळी, रवाळ असेल, तिच्यात अर्धवट जळलेले कोळशासारखे तुकडे असतील, तर आग उपाशी आहे एवढं नक्की.

उपाशी म्हणजे लाकडाला नव्हे, हवेला. या एका मुद्द्यावर माझा फार जीव आहे. ज्योत मंदावली की माणसाचा हात पहिल्यांदा जातो तो इंधन वाढवायच्या बटणाकडे, आणि तिथेच गाडी उलट्या दिशेने निघते. थोडा हिशोब करून पाहू. एक किलो लाकूड पूर्ण जळायला साधारण सहा किलो हवा किमान लागते. घनफळात ती पाच घनमीटरच्या आसपास भरते. प्रत्यक्षात कोणताही स्टोव्ह किमान हवेवर नीट जळत नाही, त्याला जवळपास दुप्पट पुरवावी लागते. म्हणजे किलोमागे सुमारे दहा घनमीटर, दहा हजार लिटर. आणि एक किलो पेलेट मापात किती? जेमतेम दीड लिटर. दीड लिटर इंधनाला दहा हजार लिटर हवा! स्टोव्ह हे मुळात हवा वाहून नेणारं यंत्र आहे, लाकूड त्यात चवीपुरतं. ही हवा जिथून येते, जिथून जाते, जिथे अडते आणि जिथे चोरवाटेने निसटते, त्या वाटेवरच मंद जळण्याची बहुतेक कारणं बसलेली असतात.

पेलेट जळतो कसा, हेही दोन ओळींत सांगायला हवं. सहा मिलिमीटर जाडीची ती कांडी तापली की आधी तिच्यातलं पाणी उडतं. मग दोनशे अंशांच्या पुढे लाकूड फुटायला लागतं आणि त्यातून वायू सुटतात. लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग असा वायू होऊन निघतो. आपण जिला ज्योत म्हणतो ती या वायूंची आग. तळाशी उरलेला कोळसा खालच्या भोकांतून येणाऱ्या हवेवर सावकाश जळतो. हवा कमी पडली की वायू पुरते जळत नाहीत. त्यांची काजळी होते, डांबरासारखा चिकट थर होतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, ज्याला ना रंग ना वास. म्हणून काळी काच हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. घरात चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइड अलार्म नसेल, तर पुढचं सगळं वाचण्याआधी तो आणून लावावा.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे कधीपासून आणि केव्हा होतंय? निम्मं निदान त्या उत्तरात असतं. ज्योत तीन-चार आठवड्यांत हळूहळू मंदावत गेली असेल तर कुठेतरी राख साचते आहे. एका रात्रीत बिघडली असेल तर काल काय बदललं ते आठवावं. पेलेटची नवी गोणी फोडली, साफसफाईनंतर बर्न पॉट वाकडा बसला, दाराच्या खाचेतून गॅस्केट (फट हवाबंद करणारी जाड दोरी) निसटलं, बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी काही अडकलं. फक्त वाऱ्याच्या दिवशीच ज्योत गडबडत असेल तर पाइपचं तोंड चुकीच्या जागी आहे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला की ती झोपत असेल तर दोष घराच्या हवेत आहे, स्टोव्हमध्ये नाही. फक्त पेटवताना धूर कोंडत असेल तर इग्नायटर, म्हणजे पेलेट पेटवणारी विजेची कांडी, पाहावा.

आता स्टोव्ह बंद करायचा, पण त्याच्या स्वतःच्या बटणाने. प्लग उपसून कधीही नाही. प्लग काढला की धूर ओढणारा पंखा जागीच थांबतो, आणि पॉटमध्ये धुमसत असलेल्या पेलेटचा धूर वाट मिळेल तिकडे, म्हणजे खोलीत येतो. बटणाने बंद केल्यावर इंधन थांबतं, पंखा मात्र निखारे विझेपर्यंत चालत राहतो. त्याला वीस-तीस मिनिटं लागू शकतात. तो आपोआप थांबला, धातू हाताला गार लागला, की मग प्लग काढायचा आणि दार उघडायचं.

सुरुवात बर्न पॉटपासून. तो बाहेर काढून उजेडासमोर धरा. तळाला आणि बाजूंना बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकातून उजेडाचा गोल, धारदार ठिपका दिसला पाहिजे. बहुतेक वेळा काय दिसतं? काही भोकं स्वच्छ, काहींत उजेडाची नुसती चिरी, आणि मधली चार-सहा ठार बंद. मधल्या भागावर खंगर बसलेला असतो. राख वितळून, पुन्हा थिजून झालेला काचेसारखा, खडबडीत, करडा-तपकिरी थर. वीट जास्त भाजली की होते तसाच. हातात घेतला तर हलका, आतून सच्छिद्र, कडेने बोट कापेल असा. लाकडातली खनिजं, त्यातही माती-वाळूतली सिलिका आणि पोटॅशियम, उच्च तापमानाला एकत्र वितळतात तेव्हा हा तयार होतो. मधली भोकं बंद झाली की हवा कडेच्या भोकांतून धावते. मधल्या पेलेटना ती मिळत नाही, ढीग वाढतो, ढिगाखाली उष्णता कोंडते आणि आणखी खंगर होतो. एकदा सुरू झालं की हे आपणच आपल्याला पोसत राहतं.

खंगर बोथट पट्टीने किंवा रुंद स्क्रूड्रायव्हरने उचकटावा, हातोडी मारू नये. बिडाचा पॉट ठोक्याने तडकतो. भोकं साफ करायला भोकाच्याच मापाचं ड्रिलचं पातं हाताने फिरवावं, मशीनला लावू नये. भोक अर्ध्या मिलिमीटरने जरी मोठं झालं तरी हवेचा झोत मंदावतो आणि ठरलेली वाटणी बिघडते. इग्नायटरसमोरचं भोक इतरांपेक्षा मोठं असतं, त्याच्या नळीत राख भरलेली असेल तर तीही काढावी. मग पॉट जागेवर ठेवताना खरी काळजी घ्यायची. तो चारही बाजूंनी सपाट, घट्ट बसला पाहिजे. खाली राखेचा एक खडा जरी राहिला तरी पॉट तिरका होतो आणि हवा भोकांतून जाण्याऐवजी त्या फटीतून बाजूने निघून जाते. पंखा ठीक, पाइप मोकळा, भोकं लख्ख, आणि तरी ज्योत मरगळलेली, असं असेल तर आधी ही फट शोधा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पॉटचा तळ वाकतो. सपाट फरशीवर ठेवून तो डुगडुगतो का पाहावं. डुगडुगत असेल तर नवा घेण्यावाचून इलाज नाही.

इथपर्यंत बहुतेक लोक करतात. पॉट खरवडला, राखेचा ट्रे रिकामा केला, काच पुसली की स्टोव्ह साफ झाला असं वाटतं. पण त्रास देणारी राख डोळ्यांना दिसते त्या जागी नसतेच. जळालेला वायू भट्टीतून सरळ पाइपात जात नाही. आधी तो उष्णता देण्यासाठी नळ्यांच्या किंवा पत्र्यांच्या मधून वळसे घेतो, मग मागच्या भिंतीआडून खाली उतरतो, मग पंख्याच्या डब्यात शिरतो. प्रत्येक वळणावर त्याचा वेग कमी होतो आणि हलकी राख तिथे बसते. भट्टीच्या मागच्या आणि बाजूच्या विटांच्या नक्षीच्या फळ्या दोन-चार स्क्रू किंवा खिट्ट्यांवर असतात. त्या काढल्या की आतले उभे बोळ दिसतात. अनेक मॉडेलमध्ये राखेच्या ट्रेच्या दोन्ही बाजूंना, तळाशी, छोटी झाकणं असतात. त्यांच्यामागे मूठभर ते ओंजळभर राख सापडते, आणि तेवढ्याने निम्मा मार्ग बंद होतो. पुस्तिकेत या जागांचं चित्र असतंच. ते पान शोधून, प्रत्येक जागेवर बोट ठेवून, इथे मी हात घातला का, असं विचारत जावं.

राख उपसायला घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. बारीक राख त्याच्या फिल्टरमधून आरपार जाते आणि मोटर खाते, पण त्याहून मोठा धोका निखाऱ्याचा. राखेत गाडलेला निखारा वरून गार दिसत असताना दिवसभर, कधी त्याहून जास्त, जिवंत राहतो. व्हॅक्यूमच्या पिशवीत त्याला वारा लागला की पेटलाच म्हणून समजा. राखेसाठीचा धातूच्या डब्याचा व्हॅक्यूम वेगळा मिळतो. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर, न जळणाऱ्या जमिनीवर ठेवायची.

धूर ओढणारा पंखा स्वतःही तपासायला हवा. त्याच्या पात्यांवर राखेचा थर बसला की पातं सपाट होतं, हवा कापण्याऐवजी नुसती घुसळतं. फिरण्याचा आवाज तोच येतो, म्हणून फसायला होतं. पंखा चार-सहा नटांवर बसवलेला असतो. तो काढला की मधलं गॅस्केट बहुधा फाटतं, तेव्हा नवं आणूनच काम सुरू करावं. पाती मऊ ब्रशने साफ करायची, दाब देऊन वाकवायची नाहीत. एखादं पातं वाकलं तर पंखा थरथरतो आणि बेअरिंग लवकर जातं. हाताने फिरवल्यावर तो सहज, आवाज न करता फिरून हळूहळू थांबला पाहिजे. घासल्यासारखा अडखळत असेल तर मोटरचे दिवस भरत आले आहेत.

बाहेरच्या पाइपात सहसा टी-आकाराचा जोड असतो आणि त्याच्या तळाला झाकण. तिथे राख पडून राहते. झाकण काढून ती रिकामी करावी, मग पाइपच्या मापाचा ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवावा. तोंडाशी जाळी असेल तर ती काजळीने विणल्यासारखी बंद झालेली सापडते. पाइपची लांबीही हवा खाते, आणि वळणं त्याहून जास्त. पाइप बसवणारे एक साधा हिशोब वापरतात. आडव्या पाइपचा प्रत्येक फूट म्हणजे एक फूट, उभ्याचा अर्धा फूट, 90 अंशांचं वळण किंवा टी म्हणजे 5 फूट, 45 अंशांचं वळण म्हणजे 3 फूट. बेरीज 15 फुटांच्या पुढे गेली तर 3 इंची पाइपऐवजी 4 इंची घ्यावा. दोन वळणं आणि एक टी झाले की 15 तिथेच संपतात, सरळ पाइप अजून मोजायचाच आहे. उंच डोंगराळ जागी हवा विरळ असते. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर प्रत्येक लिटर हवेत सुमारे दहा टक्के कमी ऑक्सिजन असतो, तेव्हा तिथे हिशोब आणखी कडक धरावा लागतो.

खोल साफसफाईची एक युक्ती जाणकारांत लोकप्रिय आहे. पानं ओढणारा लीफ ब्लोअर बाहेरून पाइपच्या तोंडाला जोडायचा, दार बंद ठेवायचं आणि सगळा मार्ग एका दमात उलटा झटकावा तसा ओढून घ्यायचा. आतल्या भिंतींवर रबरी हातोडीने किंवा मुठीने टकटक केली की अडकलेली राख सुटते. काम उत्तम होतं, पण दोन अटींवर. स्टोव्ह किमान एक पूर्ण दिवस बंद असला पाहिजे. आणि व्हॅक्यूम स्विचची (आतली ओढ तपासणाऱ्या स्विचची) रबरी नळी आधी सोडवून ठेवली पाहिजे, नाहीतर एवढ्या ओढीने त्याचा नाजूक पडदा फाटतो. बाहेर राखेचा काळा ढग उठतो, तेव्हा वाऱ्याची दिशा बघून आणि शेजारची वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी बघूनच सुरुवात करावी.

आता चोरवाटा. धुराचा पंखा मार्गाच्या शेवटी बसतो आणि ओढतो, त्यामुळे त्याच्या आधीची सगळी पेटी बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाबाखाली असते. हा फरक फार लहान असतो, अनेक स्टोव्हमध्ये 25 ते 50 पास्कल. एवढ्या हलक्या ओढीला जी वाट सोपी पडेल तिकडून हवा येते. दाराचं गॅस्केट सैल असेल तर ती तिथून शिरते आणि आगीला न शिवता पाइपातून बाहेर पडते. भोक पडलेल्या स्ट्रॉने सरबत ओढावं, तशी गत. पंखा जीव तोडून ओढतो आणि ग्लास भरलेलाच.

परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडली पाहिजे, ओढताना फाटायला आली पाहिजे. चारही बाजूंना, बिजागरीजवळ आणि कोपऱ्यांत मिळून आठ-दहा ठिकाणी हे करा. एका ठिकाणी जरी ती सुळकन निघाली तरी तिथे गळती आहे. स्टोव्ह चालू असताना दाराच्या कडेने पेटती उदबत्ती हळूहळू फिरवली तरी कळतं. जिथे धुराची रेघ आत वळते तिथे फट. गॅस्केट बदलताना जुना गोंद तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा, खाच कोरडी करावी, उच्च तापमानाचा गोंद पसरून दोरी ठेवावी. दोरी ओढून ताणू नये. ताणली की ती बारीक होते आणि ज्या कामासाठी बसवली तेच करत नाही. दोन टोकं एकमेकांना भिडवून, फट न ठेवता मिळवायची. एक इशारा मात्र देऊन ठेवतो: काचेच्या वरच्या किंवा बाजूच्या कडेला बनवणाऱ्याने मुद्दाम सोडलेली फट असते. तिच्यातून काचेवरून हवेचा पातळ पडदा खाली सरकतो आणि काजळीला काचेपासून दूर ठेवतो. गळती समजून ती बुजवली तर काच दुप्पट वेगाने काळी होईल.

हॉपरचं झाकणही याच यादीत येतं. अनेक स्टोव्हमध्ये ते हवाबंद असावं लागतं. गॅस्केट गेलं की हवा हॉपरमधून, ऑगरच्या, म्हणजे पेलेट पॉटकडे ढकलणाऱ्या फिरत्या स्क्रूच्या, नळीतून खाली येते, पॉटच्या भोकांना तेवढी कमी पडते. उलट परिस्थितीत, मार्ग तुंबलेला असताना, याच नळीतून धूर आणि आग वर हॉपरकडे सरकू शकते. झाकणाच्या कडेला पेलेटचा भुसा साचून ते पूर्ण बसत नाही, असंही होतं. दर वेळी भरताना कडा हाताने पुसायची सवय लावावी.

व्हॅक्यूम स्विचविषयी थोडंसं. आत पुरेशी ओढ आहे की नाही हे तो पाहतो, नसेल तर इंधन बंद करतो. त्याची नळी कडक होऊन तडकते, किंवा जिथे ती भट्टीला जोडलेली असते त्या टोकात राख भरते. नळी सोडवून बारीक तारेने टोक साफ करावं. स्विचमध्ये तोंडाने फुंकू नये. दोन तारा जोडून स्विच कायमचा वगळण्याचा सल्ला कुठेही मिळाला तरी तो पाळू नये. तो स्विच वारंवार काम थांबवत असेल, तर तो ज्यासाठी बसवला आहे तेच करतोय: हवा अडली आहे असं सांगतोय.

बाहेरून हवा आणणारा पाइप असेल तर त्याच्या जाळीवर कोळ्याचं जाळं, वाळकी पानं, गांधीलमाशीचं घर असे पाहुणे सापडतात. असा पाइप नसेल तर स्टोव्ह खोलीतलीच हवा घेतो. घट्ट बांधलेल्या घरात स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, बाथरूमचा पंखा आणि कपडे वाळवायचं मशीन हे सगळे त्याच हवेवर हात मारतात. परीक्षा अशी: ज्योत मंद असताना जवळची खिडकी दोन-तीन सेंटिमीटर उघडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ज्योत उजळली, आखडली, तर घर स्टोव्हला पुरेशी हवा देत नाहीये. बाहेरून हवेचा पाइप आणणं हाच त्यावर नीट उपाय.

इंधनाकडे मी मुद्दाम उशिरा आलो. त्याचा दोष कमी असतो असं नाही, पण सगळा दोष त्याच्या माथी मारणं सोपं असतं. चांगल्या पेलेटची मापं ठरलेली आहेत. आयएसओ 17225-2 या आंतरराष्ट्रीय मानकातल्या ए1 या सर्वांत वरच्या वर्गात राख 0.7 टक्क्यांपर्यंत, ओलावा 10 टक्क्यांपर्यंत, लांबी 3.15 ते 40 मिलिमीटर. राखेचा आकडा कागदावर क्षुल्लक दिसतो. पंधरा किलोच्या गोणीत अर्धा टक्का राख म्हणजे 75 ग्रॅम, दोन टक्के म्हणजे 300 ग्रॅम. दिवसाला एक गोणी जाळणाऱ्या स्टोव्हमध्ये महिन्याभरात सव्वादोन किलो की नऊ किलो, एवढा तो फरक. साल आणि माती जास्त असलेल्या पेलेटमध्ये राखही जास्त आणि खंगरही.

ओलावा घरी मोजता येतो. शंभर ग्रॅम पेलेट 105 अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. 92 ग्रॅम उरले तर ओलावा 8 टक्के. पंधरा ग्रॅम घटले तर ती गोणी ओल धरून बसली आहे. चांगला पेलेट चकचकीत असतो आणि मोडताना टक असा आवाज करतो. ओलावलेला फुगतो, खरखरीत होतो, बोटांत चुरगळतो. हॉपरच्या तळाला आणि कोपऱ्यांत साचलेला भुसा वेगळाच त्रास देतो. तो एकदम सरकून ऑगरमध्ये शिरला की पॉटमध्ये मूठभर पीठ पडतं, भोकं झाकली जातात आणि ज्योत दबते. चार-पाच गोण्यांनंतर हॉपर पूर्ण रिकामा होऊ द्यावा आणि तो भुसा काढून टाकावा.

पेलेटच्या लांबीचा परिणाम फार कमी जण लक्षात घेतात. ऑगर वजन मोजत नाही, घनफळ मोजतो. लांब कांड्या आडव्या-तिडव्या पडतात, मध्ये पोकळी राहते, प्रत्येक फेऱ्याला कमी लाकूड पुढे जातं. आखूड कांड्या दाटीने बसतात, जास्त लाकूड जातं. म्हणजे सेटिंग तेच, कंपनी बदलली आणि आग गुदमरली, असं होऊ शकतं. शंका आली तर हॉपर रिकामा करून खात्रीच्या ए1 पेलेटची एक गोणी पूर्ण जाळून पाहावी. ज्योत सुधारली तर उत्तर मिळालं. नाही सुधारली तर पुन्हा हवेच्या वाटेवर या.

पेटवतानाचा धूर हा निराळा प्रकार आहे. इग्नायटर साधारण 300 वॅटचा असतो. तो कमजोर झाला की पेलेट पेटत नाहीत, धुमसतात. त्यावर आणखी पेलेट पडत राहतात आणि भट्टी पिवळट-पांढऱ्या दाट धुराने भरते. तो धूर म्हणजे न जळलेला वायू. अशा वेळी दार उघडायचं नाही, वरून काहीही ओतायचं नाही. एकाएकी ठिणगी पडली तर धप्पकन स्फोट होतो आणि काच उडू शकते. पंखा चालू राहू द्यावा, धूर निघून जाऊ द्यावा, गार झाल्यावर पॉट रिकामा करावा. इग्नायटरची परीक्षा मल्टिमीटरने होते. प्लग काढून, त्याच्या तारा सोडवून रोध मोजा. 300 वॅटचा इग्नायटर 230 व्होल्टवर असेल तर सुमारे 176 ओहम, 120 व्होल्टवर असेल तर 48 ओहम. आकडा याच्या आसपास आला तर तो जिवंत आहे, अनंत दाखवला तर आतली तार तुटली आहे. जिवंत असून पेटवत नसेल तर त्याच्या नळीत राख आहे किंवा तो पॉटच्या भोकापासून मागे सरकला आहे.

हे सगळं झाल्यावरच सेटिंगला हात लावावा. हवेची सरकपट्टी असेल तर ती एका वेळी तीन ते पाच मिलिमीटर उघडायची आणि वीस मिनिटं नुसतं पाहायचं. आग बदलायला तेवढा वेळ घेते. लगेच दुसरा बदल केला तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. हवा जास्त झाल्याचीही खूण असते. ज्योत आखूड आणि पांढरट होते, फरफर आवाज करते, ठिणग्या उडतात, न जळलेले पेलेट पॉटमधून बाहेर फेकले जातात आणि ऊब पाइपावाटे पळते. तिथून एक पायरी मागे यावं. इंधनाचा वेग बदलायचा तर तोही एकाच पायरीने, आणि बहुतेकदा कमी करायच्या दिशेने.

दुरुस्तीनंतरची पहिली आग मध्यम सेटिंगवर तासभर चालू द्या आणि अलार्मचं टेस्ट बटण त्याआधी दाबून घ्या. पाइपच्या प्रत्येक जोडाजवळ वास घेऊन, पाहून या. पंख्याच्या पुढचा पाइप दाबाखाली असतो, तिथे गळती असेल तर धूर बाहेर येतो आणि जोडावर काळी रेघ उमटते. अशा जोडाला गार झाल्यावर उच्च तापमानाचं सिलिकॉन लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉट काढून पुन्हा उजेडासमोर धरा. सगळी भोकं मोकळी, तळाशी चिमूटभर करडी राख, आणि काचेवर कापडाच्या एका फटकाऱ्यात निघेल इतकाच फिका धुरकट थर, असं दिसलं तर त्या दिवसाची तारीख आणि केलेली कामं हॉपरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. साधारण टनभर पेलेट जळले की फळ्यांमागचे बोळ, पंखा आणि पाइप पुन्हा काढायचे असतात, आणि तेव्हा हा कागद लागतो.